मांडव नसताना

"सर, आमच्या गावात कोणी उशीर करत नाही, वेळच कोणी सांगत नाही."

करिश्मा मढवी हे पहिल्याच तासाला बोलली होती. हरिहर गुप्ते सरांनी फळ्यावर 'प्रकल्प का रखडतात?' असं लिहिलं होतं आणि वर्गातल्या बावीस जणांकडे पाहिलं होतं. कोणी म्हणालं नियोजन नसतं, कोणी म्हणालं परवानग्या अडतात. मग शेवटच्या बाकावरून हे आलं. वर्ग हसला. सर हसले नाहीत. एकतीस वर्षं ते एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर होते. पूल, पाण्याच्या टाक्या, एक अर्धवट राहिलेला बोगदा. प्रत्येक कामाचा तक्ता त्यांनी आखला होता, दर महिन्याला तो सुधारला होता, आणि त्यातला एकही तक्ता शेवटपर्यंत खरा राहिला नव्हता. निवृत्तीनंतर नौपाड्यातल्या या कॉलेजात ते नोकरदारांना शनिवार-रविवार शिकवत. एमबीए, प्रकल्प व्यवस्थापन. खाली चष्म्याचं दुकान, वर वर्ग.

त्या दिवशी त्यांनी हजेरीपटात तिचं नाव पुन्हा एकदा पाहिलं. वय चौतीस. पत्ता आंबिवलीच्या पलीकडच्या गावाचा.

पुढे वर्गाला तिची सवय झाली. बाकीची पोरं पंचविशीतली, आयटीतली, बँकेतली. ती तिला ताई म्हणत. लग्न झालं तरी आडनाव तिने माहेरचंच ठेवलं होतं. ताईचा फोन दर तासाला दोनदा थरथरायचा. नवऱ्याचा, मितेशचा, विटा-रेती पुरवण्याचा धंदा होता आणि गाड्या हलवायचं काम हिच्याकडे. दार अर्धं उघडून ती बाहेर उभी राही, आणि आत शिकवत असलेल्या सरांना ऐकू येई, "दोन नंबरची गाडी आधी मोहोन्याला खाली कर. अरे, तिथे मिस्त्री बसलेत रे हातावर हात ठेवून! टिटवाळ्याचं उद्या गेलं तरी चालतंय, त्यांचा स्लॅब परवा आहे." परत येऊन ती खाली मान घालून वही उघडायची. कोणतं काम आधी, कोणतं थांबलं तरी चालतं, हे सर फळ्यावर जे दोन तास समजावत होते ते ती दारात उभं राहून दीड मिनिटात करून आलेली असायची. हे तिच्या लक्षात नव्हतं. सरांच्या होतं.

अर्थशास्त्राच्या पेपरात ती पहिल्या खेपेला नापास झाली. त्यानंतरच्या शनिवारी सरांनी तिला खाली टपरीवर चहा पाजला आणि विचारलं, "तू हे कशासाठी करतेयस? धंदा तर येतो तुला."

"चार्ट खोटं कसा बोलतो ते शिकायचंय," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. वडिलांनी, आनंदा मढवींनी, भातशेतीची जमीन बिल्डरला दिली होती. तीन वर्षांत टॉवर, त्यात तुम्हाला घरं, असं ठरलेलं. लागली नऊ वर्षं. दर दिवाळीला त्यांच्या भाड्याच्या खोलीत एक इंजिनिअर मिठाई आणि रंगीत चार्ट घेऊन यायचा. चार्टवर हिरव्या पट्ट्या असायच्या. "बाबा चार्ट धरायचे, उलटा की सुलटा तेही कळायचं नाही, आणि मान डोलवायचे. तो बोलायचा, काका, बघा, सगळं हिरवं आहे, सगळं वेळेवर. सातव्या वर्षी आई गेली. त्या खोलीतच. त्या वर्षीचा चार्ट पण हिरवाच होता."

सरांनी ग्लास खाली ठेवला. हिरव्या पट्ट्या त्यांनीही रंगवल्या होत्या. वरून सांगतील तेवढ्या.

"आता भाऊबंदांचा दुसरा प्लॉट जातोय," ती पुढे म्हणाली. "अकरा घरं आहेत. या वेळी आम्ही बोललो, बांधकामाच्या ऑफिसात आमचा माणूस बसेल, मालकांचा प्रतिनिधी. तर बिल्डरच्या वकिलाने अट घातली, प्रतिनिधीकडे व्यवस्थापनाची पदवी पाहिजे. त्यांना वाटलं, या लोकांत कोण निघणार! मी बोलली, मी आणते. पुढच्या वर्षी जूनअखेर सह्या आहेत. तोपर्यंत माझ्या हातात कागद पाहिजे, नाहीतर त्यांचाच कोणीतरी बसेल तिथे."

"जून म्हणजे मेमधली तोंडी परीक्षा चुकवून चालणार नाही. पुढची डिसेंबरात."

"म्हणून तर," ती म्हणाली आणि दोघांच्या चहाचे पैसे देऊन वर गेली.

दुसऱ्या वर्षी, एका रविवारी, सर फळ्यावर कामांचं जाळं काढत होते. हे झाल्याशिवाय ते सुरू होत नाही, ते दोन्ही झाल्याशिवाय हे नाही. ज्या ओळीतलं एक काम एक दिवस लांबलं की अख्खं काम एक दिवस लांबतं, ती ओळ त्यांनी लाल खडूने गिरवली.

"सर," शेवटच्या बाकावरून आवाज आला, "हे तर आमच्या आत्याचं गाणं आहे."

वर्ग हसला. साकेत, पहिल्या बाकावरचा, नौपाड्यातच वाढलेला, वळून म्हणाला, "ताई, आता आत्यालाच गेस्ट लेक्चरला बोलवा."

"बोलवेन. तुझी उभं राहायची तरी हिंमत होईल का बघू."

मग तिने सांगितलं. तिची आत्या आवडाबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात विधी चालवते ती धवलारीण. त्या त्या विधीचं गाणं, म्हणजे धवला, ती गाते आणि गाण्यातच पुढचं काम सांगते. उंबराची फांदी आल्याशिवाय मांडवाचा पहिला खांब नाही. विहिरीचं पाणी आल्याशिवाय हळद भिजत नाही. मामा आल्याशिवाय नवऱ्याला पाटावर बसवत नाहीत, आणि मामा रुसला असेल तर त्याला आणायला कोणी जायचं तेही गाण्यात असतं. कागद नाही, घड्याळ नाही. दोनशे माणसं हलतात. "लग्नात कोणी आत्याला 'किती वाजता' असं विचारत नाही, सर. 'आता काय' एवढंच विचारतात."

सरांच्या हातात लाल खडू तसाच राहिला. त्या रात्री झोप लागेपर्यंत त्यांना एकच गोष्ट सुचत राहिली, की एकतीस वर्षांत आपल्याला 'किती वाजता' सोडून कोणी काही विचारलं नाही.

अंतिम प्रकल्पाचा विषय तिथेच ठरला. तिच्या धाकट्या भावाचं, दिपेशचं, लग्न मेमध्ये होतं, वीस तारखेला मांडव. करिश्माने त्या लग्नाची एकशे चौदा कामं लिहून काढली, कोणतं कशावर अवलंबून ते जोडलं, प्रत्येकासमोर माणसाचं नाव घातलं. कागदाला कागद चिकटवून साडेसहा फुटांचा तक्ता झाला. कॉम्प्युटर लॅबमध्ये तिने ते सगळं सॉफ्टवेअरमध्ये भरलं आणि पडद्यावर एक नाव लाल झालं.

"ताई, तुमची आत्या लाल झाली," साकेत म्हणाला.

एका माणसाला एकाच वेळी दोन कामं दिली की ते तसं लाल होई. करिश्माने सवयीने शेजारच्या गावातलं त्याच दिवशीचं लग्नही आवडाबाईच्या नावावर टाकलं होतं, कारण आवडाबाईने दोन्हीकडे होकार दिला होता. तिने तिथूनच फोन लावला. स्पीकर चालू राहिला होता.

"आते, वीस तारखेला तू दोन मांडवांत आहेस. कॉम्प्युटर नको बोलतोय."

"त्याला बोल, तू तुजा काम कर," पलीकडून आवाज आला. "सकालची हलद तिकरं, दुपारची आपले घरा. चालीस वरसं करताव मी. तवा कुठं व्हता तो?"

लॅब हसून लोळली. करिश्माने 'सकाळ' आणि 'दुपार' अशी फोड केली. लाल रंग गेला.

हसू सरांनाही आलं होतं, पण मार्गदर्शक म्हणून त्यांना एक अडचण दिसत होती. हे सगळं खरं आहे याला आधार काय? बाहेरून येणारे परीक्षक तेच विचारणार. छापील पुस्तक नाही, नोंद नाही, आहे ते एका म्हातारीच्या गळ्यात. "तिचं गाणं रेकॉर्ड कर," ते म्हणाले. "निदान एकदा, पूर्ण."

"ती नाही गाणार, सर. मांडव नसताना धवला गात नाहीत."

"मी बोलतो त्यांच्याशी."

मार्चमधल्या एका सकाळी सर आंबिवलीला उतरले. करिश्मा स्कूटर घेऊन स्टेशनबाहेर आली होती. आनंदा मढवींच्या वाट्याला आलेल्या घरात, त्याच नऊ वर्षं लागलेल्या टॉवरच्या सातव्या मजल्यावर आवडाबाई राहत होती. सोफ्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. ती जमिनीवर बसून सुकी मासळी निवडत होती. गुडघ्याच्या वर कासोटा, कपाळावर हिरवं गोंदण.

"या गुरुजी, वरती बसा. मना खालीच बरा."

सरांनी सगळं नीट, सावकाश समजावलं. मुलीच्या शिक्षणासाठी आहे, कोणी बाजारात विकणार नाही, तुमचंच नाव राहील. आवडाबाईने ऐकून घेतलं.

"मांडव नाय, नवरा नाय, नवरी नाय. कोनाला गाऊ? सोफ्याला?"

"आते, ऐक ना गो..."

"तू गप. गुरुजी, धवला गायला का देव येतान. आयलं, आनि बगतान त लगीनच नाय. मंग त्यांना काय सांगू? पोरगी परीक्षेला बसलीय?"

सर सोफ्याच्या प्लास्टिकवर बसून राहिले. समोर खिडकीतून ज्या बाजूला पूर्वी खाचरं होती तिथे आणखी कुठल्यातरी टॉवरच्या सळ्या वर आलेल्या दिसत होत्या. करिश्माने आत्याच्या समोर बसून टोपलीतली मासळी निवडायला घेतली. तसा अर्धा तास गेला असेल.

शेवटी आवडाबाईच म्हणाली, "तुजे आयचे येलेला पन तो असाच कागद घेऊन येयाचा ना गो? हिरवा?"

"हो, आते."

"आनि ह्या शिकलीस त तसा कागद परत नाय येनार?"

"येईल. पण मला वाचता येईल."

आवडाबाईने हात धुतले. "खाली वॉचमनचे मागं उंबर हाय. फांदी आन."

करिश्मा पळाली. फांदी आली. बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दांडीला आवडाबाईने ती स्वतः बांधली, चार कोपऱ्यांना चार ओढण्या ताणल्या, खाली तांदळाची मूठ ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला. अडीच हात रुंद, चार हात लांब मांडव झाला. मग ती त्याच्याखाली बसली, डोळे मिटले आणि गायला लागली.

सरांना त्यातले निम्मे शब्द कळले नाहीत. आवाज फाटका होता, एकसुरी, कुठेही सजवलेला नाही. पण थोड्या वेळाने त्यांच्या ध्यानात आलं, की आपण ऐकत नाही आहोत, वाट पाहतो आहोत. फांदी आली, आता पाणी येईल. पाणी आलं, आता मामा. कोणी येत नव्हतं, बाल्कनीत तिघंच होती, तरी येणाऱ्यासाठी त्यांनी पाय आवरून घेतले. चाळीस मिनिटं. करिश्माचा फोन तांब्याशेजारी पडून सगळं टिपत होता.

गाणं संपल्यावर आवडाबाईने ओढण्या सोडल्या, फांदी उतरवली, तांदूळ पाखरांसाठी कठड्यावर टाकले. मग करिश्माच्या हनुवटीला धरून म्हणाली, "मांडव उतरला, गाना उतरला. लिवायचा ता लिव. पन यो फोनचे डब्यान वाजवू नको कुठं. मांडव आसंल तवा वाजव, नाय त नाय. बोल, हो."

"हो, आते."

"गुरुजी, तुमी आयकलाव."

"ऐकलं," सर म्हणाले.

करिश्माने सहा आठवड्यांच्या रात्री घालून ते गाणं उतरवून काढलं. फोन कानाला लावायच्या आधी ती म्हणे घराच्या दारावर उंबराचं पान खोचायची. हे तिने सरांना हसत सांगितलं होतं, पण खोचायची. त्या लिखाणावरून तक्ता दोनदा बदलला. साकेतने डोकावून पाहिलं आणि पहिल्यांदाच काही टोमणा न मारता म्हणाला, "ताई, हे भारी आहे यार."

मेच्या पहिल्या आठवड्यात मार्गदर्शकांचे दाखले भरायचे होते. एका पानावर आठ चौकोन. विद्यार्थ्याने स्वतः काम केले आहे. मुलाखती प्रत्यक्ष घेतल्या आहेत. सरांनी एकतीस वर्षं दर महिन्याला असे कागद भरले होते. त्यांचा हात असे चौकोन एका दमात वरून खाली पार करत असे. सहावा चौकोन होता, 'ध्वनिमुद्रण परीक्षकांसमोर सादर करण्यास उपलब्ध'. पेन तिथे क्षणभर अडलं. ऐकतंय कोण, असं त्यांच्या मनात आलं. खूण करून पेन पुढे गेलं. खाली सही केली. करिश्माला त्यांनी हे सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही.

तोंडी परीक्षा सोळा मेला होती. बाहेरच्या परीक्षक होत्या डॉ. कादंबरी ओक, पुण्याकडच्या. आदल्याच दिवशी दुसऱ्या तुकडीतले तीन प्रकल्प शब्दाला शब्द सारखे निघाले होते, आणि बाई सकाळपासून प्रत्येक फाइल शेवटच्या पानापासून उलटी वाचत होत्या. साकेत अकरा मिनिटांत बाहेर आला. "जा ताई, बाई कडक आहेत, पण चावत नाहीत."

करिश्मा आत आली. गडद निळी साडी, केसांत काही नाही. तिने टेबलावर साडेसहा फुटांचा तक्ता पसरला. दोन्ही बाजूंनी तो खाली लोंबला. मार्गदर्शक म्हणून सर कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते.

ती वीस मिनिटं बोलली. सुरुवातीला अडखळली, मग गाड्या हलवताना बोलते तशी बोलू लागली. ओक बाईंनी विचारलं, "ही धवलारीण एकटीच. ती आजारी पडली तर सगळंच थांबेल. मग पर्याय?"

"तिच्या मागे बसून दोघी गातात, मॅडम. त्या शिकणाऱ्या असतात. आमच्याकडे पर्याय बाजूला ठेवत नाहीत, मागे बसवतात."

बाई हसल्या. पेनाने काहीतरी लिहिलं. सरांना त्या लिहिण्याच्या गतीवरून कळलं की काम होतंय. ते खुर्चीत मागे टेकले.

मग बाईंनी फाइल शेवटून उघडली. दाखल्याचं पान.

"अरे वा, ध्वनिमुद्रण आहे. छान. ऐकवा की एक मिनिट."

करिश्माने सरांकडे पाहिलं. आधी तिला काही कळलं नाही. मग कळलं.

"मॅडम, ते सगळं उतरवलेलं आहे. पान एकोणसाठपासून."

"उतरवलेलं सगळ्यांकडेच असतं. कालही होतं." बाईंचा आवाज चढला नव्हता. "तुमच्यावर संशय नाही माझा. पण सहाव्या रकान्यात उपलब्ध लिहिलंय, सही आहे. तो मूळ पुरावा. त्याचे चाळीस गुण आहेत आणि त्यांच्याशिवाय पास करण्याचा अधिकार मला नाही."

"वीस तारखेला आमच्याकडे मांडव आहे, मॅडम. तुम्ही या. समोर बसून ऐका, पाहिजे तेवढं."

"आले असते. खरंच. पण गुण आज संध्याकाळी वर जातात." बाईंनी तिच्या पर्सकडे पाहिलं. "फोनमध्ये आहे ना?"

"आहे."

"मग?"

खोलीत पंखा फिरत होता आणि तक्त्याची लोंबणारी टोकं हलत होती. सरांना एवढंच सांगायचं होतं की ती खूण माझी आहे, तिने असं काही कबूल केलेलं नाही, उलट माझ्यासमोर आत्याला वाजवणार नाही म्हणून वचन दिलंय. सांगितलं तर दाखला खोटा ठरेल, दाखला खोटा तर प्रकल्पच बाद होईल. असं ते मनात मांडत गेले. एकामागून एक चौकोन, सवयीने. त्यांना जूनअखेर दिसली. ऑफिसातली ती खुर्ची दिसली आणि तिच्यावर बसलेला कोणी दुसराच. तिचं भलं कशात आहे हे त्यांना स्पष्ट दिसत होतं, आणि त्याच भरात ते म्हणाले,

"ऐकव ना, करिश्मा. एक मिनिटाचा तर प्रश्न आहे."

तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं. त्या भाड्याच्या खोलीत हिरवा चार्ट धरणाऱ्या बापाकडे तिने असंच पाहिलं असावं.

तिने पर्समधून फोन काढला. बाईंनी पेन खाली ठेवलं. करिश्माने फोन हातात धरला, बटण दाबून तो बंद केला, पडदा काळा होईपर्यंत थांबली आणि परत ठेवला. मग ती तक्ता गुंडाळायला लागली. घाई केली नाही. जिथे कागदाला कागद चिकटवला होता तिथे तळव्याने दाबत, मांडव उतरवण्याच्या टोकापासून फांदीच्या टोकापर्यंत. गुंडाळी काखेत घेतली, खुर्ची जागच्या जागी सरकवली, बाईंना वाकून नमस्कार केला.

सर उठून उभे राहिले होते. तिला जायला वाट हवी म्हणून ते बाजूला झाले. ती त्यांच्या समोरून दाराबाहेर गेली.